बॉक्स जेलीफिश माणसाला खात नाही, मग तिचं विष इतकं जहाल कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: जो प्राणी माणसाला खात नाही, त्याला माणूस काही मिनिटांत दगावेल इतकं विष कशासाठी? आणि ही जेलीफिश मुद्दाम अंगावर येते की पाण्याबरोबर वाहत येते? मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि दंशपेशीवाले प्राणी हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बॉक्स जेलीफिशच्या बऱ्याच जाती आहेत. मी उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या कायरोनेक्स फ्लेकेरीबद्दल बोलतोय, कारण तुमचा प्रश्न खरा तिलाच लागू पडतो.

ते विष माशांसाठी आहे. मासा म्हणजे नुसते स्नायू. एक फटका मारला तरी जेलीफिशचं पाणीदार अंग फाटेल, शुंडकं (अंगाखाली लोंबणारे लांब, दोऱ्यासारखे अवयव) तुटून जातील. तिच्याकडे दात नाहीत, नख्या नाहीत, पकडून ठेवायला हाडं नाहीत. मग सापडलेला मासा धडपड सुरू करण्याआधीच थंड पडला पाहिजे, नाहीतर घास गेलाच आणि वर स्वतःलाही इजा. आता माशाचं हृदय, स्नायू, रक्तपेशी आणि आपल्या यांचा मूळ आराखडा एकच आहे. जे विष माशाचं हृदय थांबवतं ते आपलंही थांबवू शकतं. आपण फक्त मध्ये येतो.

याचा मला सर्वांत पटणारा पुरावा तिच्या वाढीत आहे. लहान असताना ती मुख्यतः छोट्या कोळंबीवर्गीय प्राण्यांवर जगते. मोठी होऊ लागली की मासे खायला लागते. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की या काळात तिच्या दंशपेशींचं प्रमाणही बदलतं: ज्या प्रकारच्या दंशपेशींत प्राणघातक विष असतं, त्यांचा वाटा वाढत जातो. त्याच किनाऱ्यावर तिची एक नातलग आहे, जी आयुष्यभर कोळंबीच खाते. तिच्यात असा बदल होत नाही आणि तिचा दंश माणसाला सहसा जिवावर बेतत नाही. आहार बदलला की शस्त्र बदलतं, हे इतकं स्वच्छ दिसणारं उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगतो.

आता दंशपेशी जवळून बघू. पेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी असते आणि तिच्यात गुंडाळून ठेवलेली पोकळ, काटेरी नळी. कुपीतला दाब प्रचंड. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्या दंशपेशीवाल्या प्राण्यात तो सुमारे 150 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ 150 पट, असल्याचा अंदाज आहे. बाहेरच्या केसासारख्या खटक्याला स्पर्श झाला आणि त्वचेवरच्या रसायनांची चाहूल लागली, की झाकण उडतं आणि नळी हातमोजा उलटा करावा तशी आतून बाहेर उलगडत कातडीत घुसते. हायड्रामध्ये ही पहिली झेप एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात होते, असं अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलंय. यात मेंदूचा काही संबंध नाही. प्रत्येक पेशी स्वतःच चालते. म्हणूनच तुटून पडलेलं शुंडकही डसतं. पूर्ण वाढलेल्या जेलीफिशला चार कोपऱ्यांवर मिळून 60 पर्यंत शुंडकं असतात, आणि शिकारीच्या वेळी एकेक 3 मीटरपर्यंत ताणलं जातं.

विषातली मुख्य प्रथिनं पेशींच्या आवरणाला भोकं पाडतात. रक्तपेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं, हृदयाची लय बिघडते. विष भरपूर गेलं असेल तर हृदय मिनिटांत थांबू शकतं. 2019 मध्ये सिडनी विद्यापीठातल्या गटाला दिसलं की या विषाला आवरणातलं कोलेस्टेरॉल लागतं. कोलेस्टेरॉल बांधून ठेवणारं औषध दंशानंतर 15 मिनिटांच्या आत दिलं, तर प्रयोगातल्या पेशी वाचत होत्या. हेही सांगितलं पाहिजे की बहुतेक दंश जीवघेणे नसतात. त्वचेचा किती भाग शुंडकांखाली आला यावर सगळं अवलंबून असतं, आणि म्हणून लहान मुलांना धोका जास्त.

ही जात विज्ञानाला माहीत झाली तीही एका मुलाच्या मृत्यूनंतर. जानेवारी 1955 मध्ये क्वीन्सलंडमधल्या कार्डवेलजवळ पाच वर्षांचा मुलगा दगावला. केर्न्सचे डॉक्टर ह्यूगो फ्लेकर यांनी पोलिसांकडून तिथलं पाणी जाळ्यांनी धुंडाळून घेतलं. त्यात मिळालेला अनोळखी चौकोनी प्राणी रोनाल्ड साउथकॉट यांच्याकडे गेला, आणि त्यांनी नव्या प्रजातीला फ्लेकर यांचं नाव दिलं.

तुमचा दुसरा प्रश्न. ती नुसती वाहत नाही, चांगली पोहते, आणि तिला दिसतंही. तिच्या घंटेसारख्या अंगाच्या चार बाजूंना प्रत्येकी सहा, असे 24 डोळे. त्यातल्या काहींना भिंग आणि दृष्टिपटल दोन्ही असतात. ती गडद खांब किंवा वस्तू बघून बाजूला होते. मोठ्या आकाराचा माणूस तिला टाळायचीच गोष्ट वाटत असणार, असं माझं मत आहे. पण ती जवळजवळ पारदर्शक, किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात मासे शोधत फिरणारी. आपण पळत पाण्यात घुसतो आणि तिला वळायला वेळच मिळत नाही.

साधारण नोव्हेंबर ते मे हा तिचा हंगाम. बालपण खाडीत, दगडांच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या इवल्या पॉलिपच्या रूपात जातं. त्या पॉलिपचंच पुढे जेलीफिशमध्ये रूपांतर होतं.

दंश झालाच तर आधी मदत बोलवा. श्वास आणि नाडी बघा, गरज पडल्यास ताबडतोब सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं) सुरू करा. बाकी सगळं त्यानंतर. न फुटलेल्या दंशपेशी त्वचेवर शिल्लक असतात. व्हिनेगर त्यांना निकामी करतं, हे 1980 मध्ये सिद्ध झालं. निदान 30 सेकंद भरपूर ओता, मग शुंडकं काढा. चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, त्यानं उरलेल्या पेशी फुटतात. व्हिनेगरनं वेदना कमी होत नाहीत आणि आत गेलेलं विषही उतरत नाही. त्यासाठी रुग्णालय आणि 1970 पासून उपलब्ध असलेलं प्रतिविष. 2014 मध्ये प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासानं व्हिनेगरबद्दल शंका काढली होती, तरी ऑस्ट्रेलियातल्या प्रथमोपचाराच्या सूचना अजूनही या जेलीफिशसाठी तेच सांगतात. ब्लूबॉटल (निळ्या फुग्यासारखा तरंगणारा, डसणारा दुसरा सागरी प्राणी) डसला तर मात्र हा उपाय करू नका. तिथे साधारण 45 अंश सेल्सिअसचं, सोसवेल इतकं गरम पाणी 20 मिनिटं वापरतात.