बेळगाव-कोल्हापूर इतकं जवळ, मग रेल्वे मिरजेला वळसा घालून का जाते?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात लग्नाला बेळगावात येताय, आईवडील सोबत आहेत आणि इथून रेल्वेने कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचा विचार आहे. पण ॲप मिरजेवरून फिरवतंय, म्हणून सरळ गाडी का नाही असं विचारलंय.

गाडी आहे. तिरुपतीहून कोल्हापूरला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस बेळगाववरूनच जाते. पण तीही मिरजेला जाऊनच वळते, कारण दुसरा रूळच नाही. रस्त्याने अंतर सुमारे ११० किलोमीटर, रेल्वेने १८५ च्या घरात. इथे कुणाला सांगितलं की रेल्वेने कोल्हापूरला चाललोय, तर उत्तर ठरलेलं: "कोल्लापूरला रेल्वेनं? दिवस मोडतोय की तुमचा!"

का, तर हे रूळ इथल्या माणसांच्या येण्याजाण्यासाठी टाकलेच नव्हते. १८७६-७८ च्या दुष्काळात विजापूर-धारवाडच्या कोरडवाहू मुलखात धान्य वेळेवर पोचवता आलं नाही, माणसं मेली. त्यानंतर १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. दुसरीकडे १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला होता आणि गोव्यातल्या मुरगाव बंदरातून घाट चढून वर येणारी रेल्वे ठरली होती. ती १८८८ मध्ये कॅसलरॉकला ब्रिटिश मुलखातल्या रुळांना जोडली गेली. म्हणजे एका टोकाला दुष्काळी पट्टा, दुसऱ्या टोकाला बंदर. पुण्याहून खाली येणारी लाईन त्यात मिळाली ती बेळगावच्या दक्षिणेला, लोंढ्याला. नकाशावर बघा: मिरज, शेडबाळ, उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा. पूर्वेच्या सपाटीवरून उतरत येणारी ही रेघ आहे. निपाणी, संकेश्वर, हत्तरगी हा आपला सोयरिकीचा आणि बाजाराचा पट्टा तिने सरळ बाजूला टाकलाय. त्या बाजूला दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी अशा नद्या आणि मधे तवंदीचा घाट, तेव्हा कंपनीला त्यात काही रस असायचं कारणच नव्हतं.

कोल्हापूर तेव्हा संस्थान. त्यांनी स्वतःच्या खर्चाने मिरजेपर्यंत फाटा टाकला, तो १८९१ मध्ये सुरू झाला. तो फाटा कोल्हापुरातच संपतो आणि आजही तिथून पुढे ना कोकणात उतरता येतं, ना निपाणीकडे. कोल्हापूरकरांनाही बाहेर पडायचं तर आधी मिरज.

बरं, तुम्हाला वाटेल की निदान कर्नाटकाच्या बाजूला तरी बेळगावची सोय असेल. तर तीही तशीच. धारवाड रस्त्याने पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, पण रेल्वेने जायचं तर आधी जंगलात लोंढ्याला उतरायचं, मग अळणावरवरून धारवाड, एकूण १२० च्या आसपास. कारण तेच, लाईन लोंढ्याला गोव्याच्या रुळांशी जुळवायची होती. आता कित्तूरमार्गे ७३ किलोमीटरची नवी सरळ लाईन मंजूर आहे, पण तिच्या जमिनीसाठी देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळीकडचे शेतकरी विरोधात उभे आहेत. पिकाऊ जमीन जाणार म्हटल्यावर कोण उभा राहणार नाही? मला स्वतःला ती लाईन हवी आहे, पण आखणी थोडी पलीकडच्या माळावरून नेता आली असती असं वाटतं.

मिरजेचा वळसा पूर्वी याहून वाईट होता. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झाली आणि मिरजेच्या खालची आमची लाईन मात्र मीटरगेजच राहिली, ती थेट १९९० च्या दशकापर्यंत. म्हणजे रुळांमधलं अंतर एकीकडे १.६७६ मीटर, दुसरीकडे बरोबर १ मीटर. इकडचा डबा तिकडे जाणं शक्यच नाही. मुंबई-पुण्याला जाणारा प्रत्येक बेळगावकर मिरजेला उतरायचा, वळकटी खांद्यावर, ट्रंक हमालाच्या डोक्यावर, पोरं काखेत, आणि पूल चढून पलीकडच्या फलाटावर. आमच्या घरची पद्धत अशी की आई सामान मोजत जिना चढायची आणि मोजतच उतरायची, मधे कुणी बोललं तर परत पहिल्यापासून. दशम्या आणि शेंगांची चटणी याच मधल्या वेळात संपायची. लहान गाडीच्या उघड्या खिडकीतून आलेली कोळशाची कच डोळ्यात गेलेली असायची, ती पदराच्या टोकाने काढायची जागा म्हणजे मिरज स्टेशनवरचं बाकडं. आमच्याकडचे पेशंटही मिरजेच्या दवाखान्यात जायचे, त्यामुळे फलाटावर कुणी ना कुणी ओळखीचं भेटायचंच.

आणि त्या मोठ्या गाडीत चढताना लहान गाडी फारच किरकोळ वाटायची, हे खरं. पण खानापूर-गुंजीकडे ती इतकी सावकाश जायची की करवंदांचे द्रोण खिडकीतून घेऊन, पैसे देऊन, सुटे परत मिळेपर्यंत गाडी तिथेच. आताच्या बंद काचेच्या डब्यातून ते जमायचं नाही.

लोंढ्यापुढच्या हकिकतीही आहेत. पोर्तुगीज काळात कॅसलरॉक हे सरहद्दीचं स्टेशन, तिथे कस्टमची तपासणी व्हायची. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा पुढची वाहतूक थांबली, ती १९६१ नंतरच पूर्ववत झाली. आजही मुरगावला उतरलेला कोळसा याच घाटातून बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्याला चढतो. दर ३७ मीटरला १ मीटर चढ, मागे जादा इंजिनं लावून. बंदरासाठी टाकलेली लाईन अजून बंदराचंच काम करतेय.

तेव्हापासून सुधारणा झाली नाही असं नाही. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी २०१९ मध्ये रेल्वे राज्यमंत्री झाले, त्याच वर्षी बेळगाव-बेंगळुरू सुपरफास्ट सुरू झाली. ते २०२० मध्ये कोविडने गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत नवं स्टेशन आणि लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी मार्गाचं उद्घाटन झालं, त्यामुळे क्रॉसिंगसाठी माळावर ताटकळणं बरंच कमी झालं. २०२४ मध्ये पुणे-हुबळी वंदे भारत आली, २०२५ मध्ये बेंगळुरूची वंदे भारत बेळगावपर्यंत आली. पण सगळं उत्तर-दक्षिण, त्याच जुन्या रेघेवर. संकेश्वर-निपाणीमार्गे कोल्हापूर ही मागणी जुनी आहे. मिरज मध्य रेल्वेत आणि बेळगाव हुबळीच्या नैऋत्य रेल्वेत, त्यामुळे दोन झोनच्या हद्दीवरच्या गावांसाठी सकाळ-संध्याकाळची साधी पॅसेंजर तरी कोण मागणार, हाही प्रश्नच. आणि तिची गरज लागते कधी, तर सीमेवर वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसेस कोगनोळी-कागलपाशी अडकतात तेव्हा. किंवा २०१९ आणि २०२१ सारखा पूर येऊन यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर येते तेव्हा.

आता तुमच्यापुरतं. आईवडिलांना बसचे धक्के सोसत असतील तर सकाळी लवकरची बस घ्या, अडीच-तीन तासांत कोल्हापूर. गुडघ्यांचा त्रास असेल, बसमध्ये पाय मोकळे करता येत नसतील, तर हरिप्रियाची आजची वेळ बघून रिझर्वेशन करा आणि वळशासकट जा, आडवं पडता तरी येतं. परतीला मात्र मिरजेत गाडी बदलायचा बेत करू नका, दोन गाड्यांचा मेळ बसेलच असं नाही. आणि उतरलाय ती जागा टिळकवाडीत असेल तर स्टेशनला निघताना रेल्वे गेटचा वेळ धरा. तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झालाय, पण पहिल्या-दुसऱ्या गेटवर मालगाडी आडवी आली तर तुमची गाडी आत आणि तुम्ही बाहेर, असं होतं.