एखाद्या वर्षी कडाक्याची थंडी पडली, तर तापमानवाढ थांबली असे म्हणता येईल का?

नाही. काही दिवसांची किंवा एका हिवाळ्याची थंडी हा हवामानातील तात्पुरता चढउतार असतो. ऋतूंच्या तापमानाचा कल ओळखण्यासाठी साधारणतः 30 वर्षांच्या सरासरीशी तुलना करावी लागते. जागतिक हवामान संघटनेच्या मते 2024 हे नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि त्याचे सरासरी तापमान 1850 ते 1900 या काळापेक्षा सुमारे 1.55 अंश सेल्सिअसने अधिक होते. त्यात एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी काही काळ नेहमीपेक्षा गरम होण्याचा, वाटा होता, परंतु मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता अडकवून ठेवणारे हरितगृह वायू हेच आहे.

सरासरीतील ही वाढ किरकोळ वाटते, मात्र सरासरी सरकली की पूर्वी दुर्मीळ असलेली टोकाची उष्णता वारंवार येऊ लागते. जून 2021 मध्ये कॅनडातील लिटन येथे 49.6 अंश तापमान नोंदले गेले, म्हणजे त्या देशाचा 1937 पासूनचा 45 अंशांचा उच्चांक एकदम साडेचार अंशांहून अधिक फरकाने मोडला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने प्रथमच 40 अंश ओलांडले.

ऋतूंमध्येही वाढ सारखी नाही. उत्तर गोलार्धाच्या बऱ्याच थंड प्रदेशांत हिवाळे उन्हाळ्यांपेक्षा वेगाने उबदार होत आहेत, याचे एक कारण म्हणजे बर्फ कमी झाले की उघडी पडलेली जमीन अधिक ऊन शोषून घेते. मला सर्वाधिक चिंता वाटते ती रात्रींची: अनेक ठिकाणी किमान तापमान कमाल तापमानापेक्षा जलद वाढत आले आहे, आणि रात्री गारवा नसेल तर उष्णतेच्या लाटेत वृद्धांच्या व आजारी माणसांच्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.