ल्युआमध्ये जेसनचा नल 'इफ'मधून पार कसा जातो?

ओपनरेस्टीत (ल्युआ चालवणारा, एनजीएक्सवर उभा असलेला वेब सर्व्हर) सीजेसन या लायब्ररीने जेसन डिकोड केल्यावर फोन नल असूनही 'इफ डेटा.फोन' खरं ठरतं आणि पुढे स्ट्रिंग जोडताना 'यूझरडेटा'ची एरर येते, असं तुम्ही विचारलंय. हा बग नाही. तिथे निल (ल्युआतलं 'काहीच नाही') नाहीच मुळी, सीजेसन.नल ही वेगळी किंमत आहे.

ल्युआत टेबलमधल्या कीला निल दिलं की ती कीच जाते. जेसनच्या नलचं सरळ निल केलं असतं, तर 'फोन: नल' आलं होतं, की फोन पाठवलाच नव्हता, हे कळायला मार्ग उरला नसता. फॉर्मवरचा रकाना कोरा सोडणं वेगळं आणि रकानाच नसणं वेगळं. पॅच रिक्वेस्टमध्ये, म्हणजे नोंदीतला काही भागच बदलायला सांगताना, सगळी मदार यावरच असते: आरएफसी ७३९६ च्या मर्ज पॅचमध्ये नल म्हणजे 'ही फील्ड काढून टाक', आणि फील्ड न येणं म्हणजे 'आहे तशी राहू दे'. अ‍ॅरेतही तीच गत. मध्येच निल आलं की भोक पडतं, आणि मग लांबी मोजणारं # हे चिन्ह किती लांबी सांगेल याचा भरवसा नाही.

म्हणून सीजेसन तिथे शून्य पत्त्याचा लाइट यूझरडेटा, म्हणजे ल्युआत ठेवलेला नुसता सी पॉइंटर, ठेवतं. ल्युआत खोट्या किमती दोनच, निल आणि फॉल्स. शून्य आणि रिकामी स्ट्रिंगसुद्धा खरी. त्यामुळे हा पॉइंटरही खरा, आणि 'ऑर' लावून डिफॉल्ट द्यायची आपली नेहमीची सवयही इथे फसते. (फॉल्स का नाही ठेवलं? जेसनला स्वतःचा फॉल्स आहे ना.)

'== सीजेसन.नल' तपासणारं छोटं फंक्शन लिहा आणि जिथे किंमत वापरायची तिथेच निल करा. आख्ख्या टेबलभर फिरून सगळे नल पुसणारा कोड बऱ्याच ठिकाणी दिसतो. पॅच असेल तर तो अजिबात लावू नका. बाहेर पाठवतानाही नल हवा असेल तर सीजेसन.नलच द्या, निल दिलंत तर ती की पाठवलीच जाणार नाही.

रेडिस या डेटाबेसशी बोलणाऱ्या रेस्टी-रेडिस लायब्ररीकडून न सापडलेल्या कीसाठी येणारा एनजीएक्स.नल हाच पॉइंटर आहे, तेव्हा तीच तुलना चालते. रेडिसच्या आत चालणाऱ्या ल्युआ स्क्रिप्टमध्ये मात्र नेहमीच्या रेस्प २ (रेडिसचा प्रोटोकॉल) मध्ये न सापडलेल्या कीचं 'गेट' फॉल्स देतं. आणि तिथून टेबल परत करताना मध्ये निल असेल तर त्यापुढचं सगळं गुपचूप कापलं जातं, म्हणून त्या जागी फॉल्स भरा.