आधी पान, मग वाक्य

पोरी,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. मराठी विकिपीडियावर गावच्या देवळाच्या लेखात तू तीन ओळी टाकल्यास, अर्ध्या तासात त्या कुणीतरी उलटवल्या, म्हणजे काढून लेख होता तसा केला, आणि तुझ्या चर्चा पानावर नुसतं "संदर्भ हवा" लिहून ठेवलं. तू विचारतेस, सर, अख्खं गाव सांगतं देऊळ हेमाडपंती आहे, आठशे वर्षं जुनं आहे, मग गाव काय खोटं बोलतं का?

आधी एक सांगून टाकतो, त्या ओळी उलटवणारा मीच. सदस्यनावावरून तू आहेस हे कळलं नाही, पण कळलं असतं तरी उलटवल्याच असत्या.

गाव खोटं बोलत नाही गं. पण हेमाडपंती म्हणजे काय हे बघ तरी. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, १३व्या शतकातला. आपल्याकडे चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. अंबरनाथच्या देवळालाही असं म्हणणारे भेटतात, पण तिथे शिलालेख आहे, शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार राजांचा काळ, हेमाडपंताच्या दोनेकशे वर्षं आधीचा! तुझं देऊळ आठशेपेक्षा जुनं असू शकतं, किंवा जुनेच दगड घेऊन पेशवाईत पुन्हा बांधलेलं असू शकतं. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. म्हणून आधी पुस्तकाचं पान उघड, मग वाक्य लिही.

हे मी शिकलो ते माझ्याच हातून घडलेल्या गोष्टीवरून. २००९ साली मी नवा होतो, तुझ्याएवढाच उत्साह, आणि आमच्या गावच्या बारवेवर लिहिलं की ही अहिल्याबाईंनी बांधली. आजोबा सांगायचे, आणखी काय पाहिजे? दोन वर्षांनी एका पेपरच्या पुरवणीत बारवांवर लेख आला, त्यात माझंच वाक्य, जवळपास शब्दाला शब्द. मग एका भल्या सदस्याने तेच कात्रण माझ्या वाक्याखाली संदर्भ म्हणून जोडलं, म्हणजे माझ्या वाक्याला माझ्याच वाक्याचा पुरावा! पुढे ग्रामपंचायतीने निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात बोर्ड लावला. आणि मग एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, तेव्हा शिलालेखांचा नाद असलेला एक मित्र खाली उतरला, देवळीतला दगड नारळाच्या शेंडीने घासला, अक्षरांत गव्हाचं पीठ चोळलं आणि पांढरी अक्षरं एकेक वर आली, शके १६३०. म्हणजे १७०८. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा. मी पायरीवर बसून राहिलो.

घरी येऊन वाक्य काढलं तर तासाभरात परत आलं, खाली शेरा, "संदर्भ असलेला मजकूर काढू नये". शिलालेख मी डोळ्यांनी वाचला होता, पण तो कुठे छापलेला नव्हता आणि स्वतःचं संशोधन तिथे चालत नाही, नियमाने तो सदस्य बरोबरच होता. मीच घातलेलं चुकीचं वाक्य काढायला मला चर्चा पानावर पाच महिने लागले. बोर्ड अजून तिथेच आहे, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात.

तेव्हापासून मी हट्टी झालो. एक निवृत्त गुरुजी जात्यावरच्या ओव्यांवर फार सुंदर लिहायचे, पण संदर्भ एकही नाही. मी दोनदा काढलं, तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत. काढलं ते बरोबरच होतं, आजही काढीन. पण तेव्हा चार ओळी लिहून समजावलं असतं तर ते लिहीत राहिले असते, आपल्याकडे लिहिणारे आहेतच किती? हे मला टोचतं, आणि तुला एवढं लांबण लावतोय ते त्याचमुळे.

आता तू म्हणशील, खेड्यातलं छापतंच कोण? खरंय, आणि हा आपल्यावर अन्यायच आहे, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तेव्हापासून ही अडचण आहे. पण बघण्याआधीच नाही म्हणू नकोस. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, १६ वा खंड तुमच्या नाशिकचा, १८८३ चा, नेटवर फुकट मिळतो. हेन्री कझिन्सचं दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचं १९३१ चं पुस्तक आहे. त्यात सापडलं तरी "गॅझेटियरनुसार" असं लिही, साहेबानेही कुणाला तरी विचारूनच लिहिलंय. पेपरचं कात्रण मिळालं तर आधी तारीख बघ, मग लेखाचा "इतिहास पहा", म्हणजे झालेल्या सगळ्या बदलांची यादी, उघडून ते वाक्य आपल्याकडे कधी आलं ते बघ, आपलं आधीचं असेल तर कात्रण सोडून दे. आणि एआयला विचारून संदर्भ आणू नकोस, तो कधीकधी पान नंबरासकट पुस्तक सांगतो आणि ते पुस्तक जगात नसतं. पान स्वतःच्या डोळ्यांनी बघ. किती वेळा सांगू!

देवळाचे फोटो मात्र भरपूर काढ, खांब, द्वारपट्टी, बाहेर पडलेला वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा कोरीव दगड, असेल तर तोही, आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावर, चढव. फोटो तुझा चालतो, निष्कर्ष तुझा चालत नाही.

तुझ्या तीन ओळी गेलेल्या नाहीत, लेखाच्या इतिहासातून काढून तुझ्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, ठेवल्यात. शनिवारी जिल्हा ग्रंथालयात जाऊन ये, वही ने. काही सापडलं तर त्या पानाचा फोटो काढच, पण प्रकाशनाचं वर्ष असतं त्या पानाचाही काढ, ते सगळे विसरतात. मग फोन कर, संदर्भाचा साचा, म्हणजे संदर्भ लिहायचा ठरलेला नमुना, भरायला मी बसतो तुझ्याबरोबर.