देवाचं चित्र कळतं, नुसता चौकोन कळत नाही

प्रश्न: ताई, सुट्टीत घरच्यांसोबत एका मोठ्या आर्ट गॅलरीत गेलो होतो. खाली सगळी जुनी धार्मिक चित्रं, येशू, मेरी, संत वगैरे, ती आवडली कारण निदान गोष्ट तरी कळते. वरच्या मजल्यावर मॉडर्न चित्रं होती, नुसते रंगाचे पट्टे नि चौकोन, काहीच कळेना म्हणून लगेच काढता पाय घेतला. ही चित्रं बघायची तरी कशी?
– एक वाचक

उत्तर: मला वाटतं खालीही तुम्ही चित्रापेक्षा गोष्टच जास्त बघितलीत, आणि वर ती मिळाली नाही म्हणून कंटाळलात. तेव्हा पुढच्या वेळी सुरुवात जुन्या चित्रांपासूनच करा, फक्त गोष्ट जरा बाजूला ठेवा आणि जेवढं जवळ जाऊ देतात तेवढं जा. इटलीतली १३व्या-१४व्या शतकातली चित्रं बरीचशी लाकडी फळीवर असतात, फळीवर पांढरा थर, सोन्याच्या जागी लाल मातीचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि रंग अंड्याच्या बलकात कालवलेले. वर्ख झिजलाय तिथे खालची लाल माती डोकावते बघा. मेरीचा चेहरा हिरवट दिसला तर दचकू नका, त्वचेच्या रंगाखाली आधी हिरव्या मातीचा हात द्यायचे आणि वरचा गुलाबी उडाला की तो हिरवा दिसायला लागतो. तिच्या वस्त्राचा भारी निळा रंग लापिस लाझुली दगड कुटून करायचे, तो दगड थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा!

आणि हो, ही चित्रं गॅलरीच्या लख्ख उजेडासाठी नव्हतीच, चर्चच्या अंधारात मेणबत्तीच्या उजेडात बघायची होती, तिथे लोक गुडघ्यावर बसलेले असायचे. म्हणून थोडं खाली वाकून, बाजूला सरकून बघा, सोनं एकदम उजळतं.

आता याच नजरेनं वर जा. रशियन चित्रकार मालेविचचा ‘काळा चौकोन’ घ्या, १९१५ साली पेट्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) प्रदर्शनात त्याने तो टांगला कुठे, तर वर छताजवळ दोन भिंतींच्या कोपऱ्यात, जिथे रशियन घरांत देवाची चित्रं असायची. म्हणजे खालचा मजला त्याच्या डोक्यात पक्का होता. त्या काळ्या रंगाला आता भेगा गेल्यात नि त्यातून खालचे वेगळे रंग दिसतात, फोटोत मात्र काळं सोडून फारसं काही कळत नाही. अमेरिकन चित्रकार रॉथकोची रंगांच्या मोठ्या पट्ट्यांची भलीमोठी चित्रं तर लांबून बघूच नका, साधारण १८ इंचांवरून बघावीत असं तो स्वतःच सांगायचा, तेवढ्या जवळून रंग नजरेच्या कडेपर्यंत भरतो आणि कडा कशा विरघळत जातात ते दिसतं. अमेरिकेत ह्यूस्टनला १९७१ पासून एक चॅपल म्हणजे छोटं प्रार्थनाघर आहे, तिथे त्याची १४ गडद चित्रं आहेत, देवाची एकही आकृती नाही, तरी लोक येऊन प्रार्थना करत बसतात. आपले चित्रकार रझा यांच्या चित्रांतला गोल बिंदूही मला याच वाटेवरचा वाटतो.

सगळी दालनं एका दिवसात पालथी घालायचा हट्ट मात्र सोडा, चार-पाच चित्रं निवडा, समोर बाक असेल तर बसा आणि बाजूची पाटी शेवटी वाचा. आणि तरीही एखादं मॉडर्न चित्र आवडलं नाही तर सरळ पुढे जा, खालच्या मजल्यावरचीही सगळी कुठे आवडली असतील तुम्हाला.