भिंतीवरचं कॅलेंडर बघून घराबाहेर पड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ठाण्यात घर लावून झालं, दोघांच्या नोकऱ्या सुरू झाल्या, आणि पहिले तीन रविवार मॉलमध्ये गेले, असं तू लिहिलंस. चौथ्या रविवारी दुपारी बारा वाजता गेटवेला निघालात आणि निम्मा दिवस गाडीतच संपला. तुम्ही नकाशावरचं अंतर बघून निघाला होता, म्हणून असं झालं. इथं फिरायला निघताना आधी वार बघायचा, मग तिथी, मग परतीची गाडी. अंतर सगळ्यात शेवटी. भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर लावलं नसेल तर आजच लाव. या पत्रातलं निम्मं त्याच्याच भरवशावर आहे.

वारापासून सुरुवात करू. रविवारी मध्य रेल्वे रुळांच्या आणि तारांच्या देखभालीसाठी मेगाब्लॉक घेते. मुख्य मार्गावर तो बहुतेक वेळा माटुंगा ते मुलुंड असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. त्या वेळात जलद गाड्या धिम्या रुळांवर वळवतात, मागच्या गाड्या तुंबतात आणि डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. तुम्ही नेमके त्यात सापडलात. कुठल्या मार्गावर किती वाजता ब्लॉक आहे ते शनिवारच्या वर्तमानपत्रात छापून येतं. कधी ठाणे ते वाशी-नेरूळ ही ट्रान्स-हार्बरच बंद असते. त्या दिवशी नवी मुंबईचा बेत सरळ पुढं ढकला. दक्षिण मुंबईला जायचं तर साडेसात-आठच्या ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत बसा. ती इथूनच निघते म्हणून दोघांना बसायला मिळतं. परतीला पाच वाजेपर्यंत थांबा. रविवारी सकाळी फोर्टातले रस्ते मोकळे असतात, इमारती मान वर करून निवांत बघता येतात. तिथं हिंडायला तीच वेळ चांगली.

सोमवारी कान्हेरी आणि घारापुरी दोन्हीकडची लेणी बंद असतात. तुझ्या बायकोची सुट्टी सोमवारी असते असं तू लिहिलंस, म्हणून हे ठळक सांगतो. सोमवार ठाण्यातल्या ठाण्यात घालवा. सकाळी उपवन तलाव, संध्याकाळी मासुंदा, म्हणजे सगळ्यांची तलावपाळी. मामलेदार कचेरीजवळची मिसळ खायची ती पहिल्यांदा मध्यम तिखटच मागा.

गर्दीच्या वेळी ती महिलांच्या डब्यात आणि तू जनरलमध्ये, असंच जावं लागेल. तेव्हा उतरल्यावर कुठं भेटायचं ते गाडीत चढण्यापूर्वी ठरवा, आणि जागा नेमकी ठरवा. ‘प्लॅटफॉर्मवर भेटू’ म्हणालात तर बारा किंवा पंधरा डब्यांच्या लांबीत एकमेकांना शोधत बसाल. ‘मधल्या पुलाच्या पायऱ्यांखाली’ असं ठरलं की काम झालं. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधीच काढा. साध्या पासावर एसी लोकलमध्ये चढू नका, तो तिथं चालत नाही आणि दंड भरावा लागतो.

आता तिथी. तुमच्या घरापासून तासाभरात जे सगळ्यात सुंदर बघायला मिळतं ते ठाणे खाडीत आहे आणि त्याची वेळ चंद्र ठरवतो. खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ साली त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. कार्तिकापासून वैशाखापर्यंत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, इथं असतात, माघ-फाल्गुनात थवे दाट होतात. ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून बोट सुटते. ठाण्याहून फलाट ९ किंवा १० वरून ट्रान्स-हार्बर पकडा. दिघा गाव, मग ऐरोली. पुढं रिक्षा करा आणि ऐरोली-मुलुंड पुलाच्या बाजूचं केंद्र असं सांगा. नुसतं ‘फ्लेमिंगो’ म्हणालात तर रिक्षावाला दुसरीकडेच नेऊन सोडेल.

बोट रोज ठरलेल्या वेळी का सुटत नाही, ते समजून घे. खाडीचा तळ गाळाचा आणि उथळ आहे. ओहोटीला जेट्टीजवळ बोट तरंगण्याइतकं पाणीच नसतं, म्हणून फेऱ्या भरतीच्या आगेमागे ठेवतात. दुसरीकडं, भरती पूर्ण चढली की गाळाचे पट्टे बुडतात. पक्षी तो गाळ चाळूनच शेवाळ आणि बारीक जीव खातात, तेव्हा पट्टे बुडाले की ते उडून नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या उथळ पाण्यावर जाऊन बसतात. म्हणून बोट चालेल इतकं पाणी हवं आणि पट्टे उघडे पडू लागतील इतकं कमीही हवं. भरती नुकतीच ओसरू लागली आहे, अशी फेरी मिळाली तर तीच घ्या.

भरतीची वेळ काढायचा हिशोब किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतो: तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ, चतुर्दशीला साडेदहा. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते, तिचंच हे सोपं गणित आहे. अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो आणि खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीरही लागतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. सकाळची बोट हवी असेल तर एकादशी ते चतुर्दशीत पडणारा सुट्टीचा दिवस शोध, दुपारची हवी असेल तर तृतीया ते पंचमी. मग केंद्राकडून त्या दिवसाच्या फेऱ्यांची नेमकी वेळ घे आणि आधी जागा राखून ठेव. शनिवार-रविवारी ऐन वेळी गेलात तर बहुधा हात हलवत परत यावं लागेल.

फेरी साधारण तासाभराची असते. टोपी, दोघांत दोन लिटर पाणी आणि मिळाली तर ८×४२ ची दुर्बीण घ्या. त्याहून जास्त शक्तीची दुर्बीण हलत्या बोटीत उपयोगाची नाही, चित्र थरथरतं. मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची संपूर्ण गडद तांबडी. करडे, मळकट दिसणारे पक्षी आजारी नसतात, ती पिल्लं आहेत. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि तो चढायला वर्षं लागतात. बोट थव्याच्या अगदी जवळ न्या म्हणून नावाड्याच्या मागे लागू नका. थवा उठला की त्यांचं खाणं मोडतं आणि तुमचं बघणंही संपतं.

हीच तिथी पावसाळ्यातही कामाला येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. त्याच वेळी जोराचा पाऊस लागला तर नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही, शीव-कुर्ल्याला रूळ बुडतात आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी असले तर मुंबईला जाऊच नका. गच्चीवरून येऊरचे डोंगर बघा, त्या दिवसांत ते हिरवेगार दिसतात. खारघरचा पांडवकडा धबधबा मात्र माझ्या यादीत नाही. पावसाळ्यात तिथं जायला बंदी असते आणि ती योग्य आहे. वर डोंगरात पाऊस पडला की खाली लख्ख ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा येतो, आणि शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. कुणी आडवाटेनं नेतो म्हणालं तरी जाऊ नका. खारघरलाच सेंट्रल पार्क आहे, तिथं पावसात मनसोक्त चाला.

नाटकाबद्दल तू काही विचारलं नाहीस, याचं वाईट वाटलं. ठाण्यात राहून नाटक बघायचं नाही, हे मला पटत नाही. तलावपाळीवर राम गणेश गडकरी रंगायतन, १९७८ पासूनचं, स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. मानपाड्याच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, तुमच्या घराला तेच सोयीचं. वाशीला विष्णुदास भावे. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी, सकाळी, दुपारी आणि रात्री. जाहिराती मराठी वर्तमानपत्रात येतात. जागा नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन घेतलीत तर उत्तम, कारण समोर आसनांचा तक्ता असतो. पहिल्या दोन रांगा टाळा, मान वर करून बसावं लागतं आणि नटांचे पाय नीट दिसत नाहीत. पाचवी ते दहावी रांग, मधला भाग घ्या, तिथून चेहरा आणि हालचाल दोन्ही दिसतात. अगदी कडेच्या खुर्चीवरून नेपथ्याची एक बाजू झाकली जाते. पैसे जपायचे असतील तर बाल्कनीची पहिली रांग घ्या, खालच्या शेवटच्या रांगेपेक्षा ती बरी. तिसऱ्या घंटेआधी खुर्चीत बसलेलं असा आणि फोन बंद करा. नुसता थरथराटावर ठेवलेला फोनही शांत प्रसंगात शेजाऱ्याला ऐकू जातो. मध्यंतरात बटाटेवडा खायचा असेल तर पडदा पडताच उठा, पंधरा मिनिटांत रांग संपत नाही.

रात्रीचा प्रयोग साडेअकराच्या सुमारास सुटतो, म्हणून परतीची गाडी आधी बघून ठेवा. मुंबईहून येणारी शेवटची लोकल ठाण्याला मध्यरात्रीनंतर पोचते, पण ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी त्याआधी गेलेली असते. म्हणून वाशीला नाटक बघायचं ते दुपारचंच. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना किंवा मोठा कार्यक्रम असेल तेव्हाही हेच होतं. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तो इथंच. सुटल्यावर सगळी गर्दी नेरूळ स्टेशनकडे लोटते. तुम्ही उलट दिशेला जुईनगरपर्यंत चालत जा. ठाण्याची गाडी तिथंही थांबते.

दिवसभराची एकच सहल करायची तर अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शिलाहारांच्या काळातलं आहे, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा लेख तिथं आहे. तेव्हा तुमचं ठाणं श्रीस्थानक नावानं शिलाहारांची राजधानी होतं, म्हणून तुम्ही ते बघायलाच हवं. सकाळी नवाच्या आत पोचा. तिरप्या उन्हात काळ्या दगडातली शिल्पं उठून दिसतात, माध्यान्हीला सपाट होतात. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, मग आत जा. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं आणि त्या ओल्या असतात. महाशिवरात्रीला दर्शन होईल, पण शिल्पं बघायला मिळणार नाहीत. गाडी पकडताना इंडिकेटरवरचं अक्षर बघा. कर्जतची ‘एस’, बदलापूरची ‘बीएल’, अंबरनाथची ‘ए’, यातली कुठलीही चालेल. ‘एन’ म्हणजे कसारा. ती कल्याणनंतर दुसऱ्या फाट्यानं जाते आणि तुम्ही टिटवाळ्याला पोचाल.

कान्हेरीला घोडबंदर रस्त्यानं बोरिवलीची बस घेऊन जाता येतं, पण गायमुखच्या घाटात अवजड गाड्यांमुळे वाहतूक अडकते. सकाळी सातच्या आत घाट ओलांडा. घारापुरीला पावसाळ्याबाहेरच जा, खवळलेल्या समुद्रात बोटी बंद ठेवतात. ओवळेकर वाडीतली फुलपाखरं रविवारी सकाळी बघायची, ऊन थोडं तापल्यावर ती उडू लागतात.

सणांच्या दिवशी गाडी काढू नका. गुढीपाडव्याची शोभायात्रा, दिवाळी पहाटेला राम मारुती रोड, नवरात्रात टेंभी नाका, सगळीकडं पायीच जा. दिवाळी पहाटेला सहाच्या आत पोचलात तर गाणं ऐकू येईल, नंतर नुसती गर्दी.

सध्या कोणता महिना चालू आहे ते बघ. कार्तिक लागला असेल तर येत्या एकादशी-चतुर्दशीच्या आसपासचा शनिवार किंवा रविवार कॅलेंडरवर खूण करून ठेव आणि केंद्रात आजच विचार.

सौभाग्यवतीस आशीर्वाद सांग. कळावे.

तुमचा शुभचिंतक