एक प्रश्न पाळ

प्रिय मुली,

रविवारी निघताना दारातून वळून तू विचारलंस, "बाई, बातम्या बघून नुसतं डोकं तापतं. काय वाचू, कुणाचं ऐकू?" चपला घालता घालता उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र.

तुझा राग मला आवडतो. पण तो रोज नव्या गोष्टीवर असतो, हे खटकतं. सोमवारी कुठली तरी दंगल, मंगळवारी कुणाचं वक्तव्य, बुधवारी तिसरंच काही. शनिवारी तुझ्या हाती थकव्याशिवाय काही उरत नाही. शेळी पाळावी तसा एक प्रश्न पाळ. त्याला रोज चारापाणी घाल, वर्षभर सोडू नकोस.

पाण्याचाच घे. सोलापूरच्या पूर्व भागात नळ किती दिवसांआड येतो हे मी तुला काय सांगणार, हंडे तूच भरतेस. उजनी धरणात ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं, आणि त्याच धरणाखालचं आपलं शहर नळाकडे बघत बसतं. धरणातून शहराला पाइपलाइन आहे. शिवाय भीमेत पाणी सोडतात, ते औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलतात. नदीतून येणारं पाणी वाटेत मुरतं, त्याची वाफ होते, ते उपसलं जातं. मग पाइपलाइनच्या कामांचं काय झालं, कुठल्या भागाला किती तास पाणी मिळतं, हे ठरवतं कोण? इंद्रभुवनात, महापालिकेत जा आणि विचार. २००५ सालापासून माहितीचा अधिकार आहे. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. माझा पहिला अर्ज 'पाणी का येत नाही' असा होता आणि तो वाया गेला. 'का' विचारून काही हाती लागत नाही, कागद मागायचा असतो: वेळापत्रकाची प्रत, दुरुस्तीच्या नोंदी, मंजूर रक्कम. असा एक कागद हातात आला की पुढाऱ्याचं भाषण तुला वेगळं ऐकू येईल.

आता वाचनाचं. लांबची यादी देत नाही. तुझी आत्या कुंभारीत विडी कामगारांच्या ज्या वसाहतीत राहते, तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. आत्याच्या पत्त्यावरचं हे नाव कुणाचं, हे तू कधी शोधलंस का? ठाणे जिल्ह्यात वारली लोक जमीनदारांकडे वेठबिगारी करत होते, तेव्हा ही बाई त्यांच्यात जाऊन राहिली आणि १९४५ साली तो उठाव झाला. त्याची हकिगत त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात स्वतः लिहिली आहे. तिथून सुरुवात कर. मग शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' वाच. ते अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. ते पुस्तक एका बैठकीत वाचू नकोस. मला ते दोनदा मिटून ठेवावं लागलं होतं.

ते वाचून झालं की सेटलमेंट वस्तीत एक फेरी मार. आपण रिक्षावाल्याला हे नाव सहज सांगतो. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना अशा सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेऱ्या घेतल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं हे लोक मोकळे नव्हते. 'त्या वस्तीतले' असं कुणी तोंड वाकडं करून म्हणालं की हे साल आठव, आणि तिथल्या तिथे बोल. गप्प बसू नकोस.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून तू रोज कॉलेजला जातेस. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. तीन दिवस इंग्रजांचा अंमल इथून उठला होता. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. पुढच्या १२ जानेवारीला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली. ही चार नावं एकदा मोठ्याने म्हणून बघ. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. त्यातले कुर्बान हुसेन मराठीत 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. 'हे शहर आमचंच' म्हणून ओरडणारा कुणीही, कोणत्याही झेंड्याखालचा असो, भेटला की मला ही चार नावं आठवतात. १२ जानेवारी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या तोंडावर येते. यात्रेच्या गर्दीत जाण्याआधी दहा मिनिटं त्या पुतळ्यांपाशी थांब.

ती यात्रा ज्यांची, ते सिद्धेश्वर म्हणजेच संत सिद्धराम कन्नडमध्ये वचनं लिहीत. त्यांनी तळं खणवलं, ६८ लिंगं स्थापली, आणि एवढं करूनही त्यांच्याच काळातल्या संत अल्लमप्रभूंनी त्यांना आत बघायला सांगितलं, अशी कथा आहे. तुझ्या शेजारच्या कन्नड आजींकडून एखादं वचन ऐक, अर्थ विचारून घे. तू घरी तेलुगू बोलतेस, शाळेत मराठी शिकलीस, गल्लीत दखनी ऐकतेस. एवढं भांडवल पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नाही. पेपरही दोन वेगवेगळ्या मतांचे वाच. ज्याचं पटत नाही त्याचा अग्रलेख शेवटपर्यंत वाचायचा, मधेच टाकायचा नाही.

पंढरपूरला जाशील तेव्हा नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी बघ. ती देवळाबाहेर आहे. सगळ्यांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये तिथे उपोषण करावं लागलं. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे. दरवर्षी एखादं पोर विचारायचं, "बाई, मग आधी कुणीच का नाही बोललं?" त्याचं पुरेसं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी ये. येण्याआधी एक काम कर. आजीजवळ वही घेऊन बस आणि विचार: दिवसाला किती विड्या वळायची, पान आणि तंबाखू कमी पडली तर कुठून आणायची, किती विड्या बाद व्हायच्या आणि त्यांचे पैसे कोण बुडवायचं. ती तेलुगूत सांगेल, तसंच उतरवून आण. मराठी आपण दोघी मिळून करू.

तुझी,
बाई